आडव्या इंजिनाचा आडमुठा माणूस

गाडीत रेडिओ नको, सीट फार आरामशीर नको, दिसण्यावर वेळ घालवायचा नाही आणि ग्राहकांना तर काही विचारायचंच नाही. अशी मतं असलेल्या माणसाने गेल्या शतकातली एक सगळ्यात लाडकी छोटी गाडी बनवली. ‘मिनी’चा कर्ता अ‍ॅलेक इसिगोनिस याची ही गोष्ट.

कट्ट्यावर गाड्यांचा विषय निघाला की काही मतं आधीच ठरलेली असतात. खरी गाडी म्हणजे रिअर व्हील ड्राइव्ह. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी म्हणजे भाजी आणायची गाडी. इंजिन जेवढं मोठं तेवढं भारी. छोटी हॅचबॅक म्हणजे डबा. याच्या विरोधात कुणी तोंड उघडलं की दिवसभर त्याची खेचायची, हाही नियम ठरलेलाच.

अ‍ॅलेक इसिगोनिस या ब्रिटिश इंजिनीअरने आयुष्यभर अशी, चारचौघांत मांडली तर हशा पिकेल अशीच मतं बाळगली. नुसती बाळगली नाहीत, पत्र्यात आणि लोखंडात उतरवून दाखवली. त्यातली काही इतकी बरोबर निघाली की आज ती कुणा एकाची मतं होती हेच आपण विसरलोय. आणि काही इतकी फसली की त्याच्या कंपनीला त्याची चांगलीच झळ बसली. गाड्यांच्या वादात नेहमी बहुमताच्या विरुद्ध उभं राहणाऱ्यांनी त्याच्या गोष्टीचे हे दोन्ही भाग वाचावेत.

बोटींच्या कारखान्यातलं पोरगं

इसिगोनिसचा जन्म १८ नोव्हेंबर १९०६ चा, स्मर्ना या बंदरातला. आज हे शहर तुर्कस्तानात आहे आणि त्याचं नाव इझमिर. तेव्हा ते ऑटोमन साम्राज्यात होतं आणि तिथे ग्रीक, तुर्की, आर्मेनियन, ज्यू, युरोपीय असे सगळेच एकत्र नांदत होते. वडील कॉन्स्टंटाइन ग्रीक वंशाचे, पण नागरिकत्व ब्रिटिश. बोटींची इंजिनं आणि यंत्रसामग्री यांचा त्यांचा कारखाना होता. आई हुल्दा जर्मन घराण्यातली, तिच्या माहेरी बिअरचा कारखाना. अ‍ॅलेक हा त्यांचा एकुलता एक मुलगा. कारखान्यात यंत्रं बघत, कागदावर चित्रं काढत वाढलेला.

पहिल्या महायुद्धानंतर हे सगळं उलटंपालटं झालं. ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यातल्या युद्धात स्मर्ना आधी ग्रीकांच्या ताब्यात गेलं आणि सप्टेंबर १९२२ मध्ये तुर्की सैन्याने ते परत घेतलं. त्या दिवसांत शहराला लागलेल्या आगीत त्याचा मोठा भाग बेचिराख झाला. ब्रिटिश नागरिक असल्यामुळे इसिगोनिस कुटुंबाला बोटीने माल्टाला हलवण्यात आलं. घर, कारखाना, पैसाअडका सगळं मागे राहिलं. वडील आजारी होते, ते माल्टातच गेले. सोळा वर्षांचा मुलगा आणि त्याची आई अशी दोघंच पुढे इंग्लंडला पोचली. त्यानंतरची जवळजवळ पन्नास वर्षं ही दोघं एकाच घरात राहिली. इसिगोनिसने लग्न केलं नाही.

गणितात तीनदा नापास

लंडनच्या बॅटर्सी पॉलिटेक्निकमध्ये त्याने इंजिनीअरिंगला नाव घातलं. ड्रॉइंगमध्ये हा पोरगा एक नंबर. गणितात मात्र तीन वेळा नापास. एम-थ्रीच्या केटीने गांजलेल्यांना इथे जरा धीर यायला हरकत नाही. पुढे आयुष्यभर त्याचं मत असं राहिलं की शुद्ध गणित हे नवं काही घडवू पाहणाऱ्या माणसाचं शत्रू आहे. गणित नकोच असं नव्हे. ते करायला हाताखाली माणसं असावीत, पण गाडी आधी डोळ्यांना दिसली पाहिजे आणि हाताने कागदावर उतरली पाहिजे, असा त्याचा हिशोब. तो सतत चित्रं काढायचा. मिळेल त्या कागदावर, पाकिटावर, कधी हॉटेलातल्या टेबलक्लॉथवरसुद्धा. त्याची फ्रीहँड स्केचेस इतकी नेमकी असत की त्यांवरून थेट कामाला लागता येत असे.

हातात पैसे आले तेव्हा त्याने ऑस्टिन सेव्हन घेतली. ही त्या काळातली ब्रिटिश मध्यमवर्गाची गाडी, इंजिन जेमतेम ७४७ सीसीचं. ती घेऊन तो शर्यतींना जायला लागला. मग जॉर्ज डाउसन या मित्राबरोबर त्याने स्वतःचीच रेसिंग कार बांधायला घेतली. नोकरी सांभाळून, संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी, बहुतेक काम हाताने. या गाडीचं नाव ‘लाइटवेट स्पेशल’. ती पूर्ण व्हायला तीसचं दशक जवळपास सगळं खर्ची पडलं.

रेसिंग म्हटलं की बाकीचे इंजिन वाढवायच्या मागे लागायचे. या दोघांनी वजन कमी करायचं ठरवलं. गाडीला वेगळी जड चासी नाही. अ‍ॅल्युमिनियम चढवलेल्या प्लायवूडच्या बाजूच गाडीचा भार उचलतात. मागच्या सस्पेन्शनला लोखंडी स्प्रिंगऐवजी रबर. इंजिन छोटंच, पण गाडी इतकी हलकी की वळणावर मोठ्या गाड्यांना जड जायची. पुढे त्याने जे काही केलं त्याची बरीचशी बीजं या एका गाडीत आहेत: वजन हा शत्रू, प्रत्येक पार्टने एकाहून जास्त कामं करायची, आणि रबर ही फार कमी लेखलेली वस्तू आहे.

मालकाला न आवडलेली गाडी

१९३६ मध्ये तो ऑक्सफर्डजवळच्या काउली इथल्या मॉरिस मोटर्समध्ये लागला. दुसरं महायुद्ध सुरू असताना त्याच्याकडे एका छोट्या गाडीचं काम आलं. मोजक्या माणसांची टीम आणि गाडीचा जवळजवळ प्रत्येक भाग त्याने स्वतः ठरवलेला. छोटी गाडी म्हणजे मोठ्या गाडीची गरीब नक्कल, ही तेव्हाची समजूत त्याला मान्य नव्हती. पैसे कमी असलेल्या माणसालाही चांगलं स्टिअरिंग, चांगलं सस्पेन्शन आणि नीट बसायला जागा मिळायला हवी, हा त्याचा आग्रह.

गाडी जवळजवळ तयार झाल्यावर त्याला ती अरुंद वाटली. त्याने नमुन्याची गाडी लांबीत मधोमध कापायला लावली आणि दोन्ही तुकडे हळूहळू लांब सरकवत नेले. डोळ्यांना प्रमाण बरोबर वाटलं तिथे थांबला. गाडी चार इंचांनी रुंद झाली. तोवर बंपर तयार झाले होते, म्हणून सुरुवातीच्या गाड्यांच्या बंपरला मधे एक पट्टी जोडावी लागली. बॉनेटच्या मधली सपाट उंचवट्याची पट्टीही त्याच चार इंचांची खूण.

कंपनीचे सर्वेसर्वा लॉर्ड नफिल्ड यांना गाडी अजिबात आवडली नाही. त्यांनी तिला उकळत्या पाण्यात सोडलेल्या अंड्याची उपमा दिली. १९४८ मध्ये ती ‘मॉरिस मायनर’ या नावाने बाजारात आली आणि १९६० च्या अखेरीला दहा लाखांचा टप्पा गाठणारी पहिली ब्रिटिश गाडी ठरली. पुढे एकूण विक्री सोळा लाखांच्या वर गेली. मालकाचं मत आणि गिऱ्हाइकाचं मत यांतलं अंतर इसिगोनिसच्या मनात तेव्हापासूनच पक्कं झालं असावं.

मॉरिस हे नाव आपल्याकडच्या जुन्या लोकांना परकं नाही. कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला हिंदुस्तान मोटर्सने मॉरिसच्याच गाड्या आपल्या नावाने बनवायला सुरुवात केली. त्यांची अँबेसेडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री. ती पन्नासच्या दशकात आली आणि २०१४ पर्यंत बनत राहिली.

सुएझ बंद, पेट्रोल मोजून

१९५२ मध्ये मॉरिस आणि ऑस्टिन या दोन कंपन्या एकत्र येऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन म्हणजे बीएमसी तयार झाली. इसिगोनिस तिथून निघून अल्विस या छोट्या कंपनीत एक मोठी, उंची गाडी बनवायला गेला. ती गाडी रद्द झाली. १९५५ च्या शेवटी बीएमसीचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांनी त्याला परत बोलावलं.

१९५६ मध्ये इजिप्तने सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं. ब्रिटन, फ्रान्स आणि इस्राएल यांनी हल्ला केला, कालवा बंद पडला आणि ब्रिटनमध्ये त्या वर्षीच्या डिसेंबरात पेट्रोलचं रेशनिंग सुरू झालं. लोक छोट्या जर्मन ‘बबल कार’ घ्यायला लागले. अंड्याच्या आकाराच्या, मोटरसायकलच्या इंजिनावर चालणाऱ्या. लॉर्ड यांना त्या बघूनच राग यायचा. त्यांनी इसिगोनिसला मोठ्या गाडीचं काम बाजूला ठेवायला सांगितलं. बबल कार रस्त्यावरून हटवेल अशी एक खरीखुरी छोटी गाडी हवी. अट एकच: नवं इंजिन बनवायला वेळ नाही, कंपनीकडे आहे तेच वापरायचं.

दहा फुटांचं गणित

इसिगोनिसने ठरवलं की गाडी साधारण दहा फूट लांब असेल, चार मोठी माणसं सामानासकट बसतील आणि जमिनीवरच्या जागेतला ८० टक्के भाग माणसांचा आणि सामानाचा असेल. यंत्रांना उरलेली २० टक्के जागा. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. आपल्या टाटा नॅनोहूनही ही गाडी थोडी आखूडच.

हे अवघड का होतं ते समजून घ्यायला त्या काळची गाडी डोळ्यांसमोर आणा. इंजिन पुढे, उभं म्हणजे गाडीच्या लांबीत बसवलेलं. त्याच्या मागे गिअरबॉक्स. तिथून एक लांब दांडा गाडीच्या पोटाखालून मागच्या चाकांपर्यंत. या दांड्यासाठी जमिनीला मधोमध उंचवटा. आपल्या मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीत मागे मधे बसलेल्याचे पाय ज्याच्या दोन बाजूंना जायचे, तोच. एवढं सगळं दहा फुटांत घातलं तर माणसं टपावर बसवावी लागतील.

त्याने इंजिन आडवं केलं. चार सिलेंडर एका बाजूच्या चाकाकडून दुसऱ्या बाजूच्या चाकाकडे. मग गिअरबॉक्स ठेवायला जागा उरेना, म्हणून तो इंजिनाच्या खाली, ऑइल असतं त्या सम्पमध्येच बसवला. इंजिनाला आणि गिअरना एकच ऑइल. ताकद थेट पुढच्या चाकांना. मागे जाणारा दांडा गायब, उंचवटा गायब.

पुढच्या चाकांनी गाडी ओढणं हा शोध त्याचा नव्हता. फ्रान्सच्या सिट्रोएनने आणि जर्मनीच्या डीकेडब्ल्यूने ते तीसच्या दशकातच केलं होतं. डीकेडब्ल्यूने तर छोटं टू-स्ट्रोक इंजिन आडवंही बसवलं होतं. पण चार सिलेंडरचं पाणी-कूल्ड इंजिन, गिअरबॉक्स आणि चार माणसं एवढ्या छोट्या जागेत बसवून लाखोंनी गाड्या काढणं, हे त्याचं काम. पुढचं चाक वळतं आणि ओढतंही, त्यामुळे वळवताना ताकद धक्क्याधक्क्याने पोचते, ही फ्रंट व्हील ड्राइव्हची जुनी दुखणी. त्यावर इलाज म्हणून पाणबुडीच्या यंत्रणेसाठी वापरात असलेला एक जॉइंट त्याच्या टीमने गाडीच्या चाकापाशी आणला. आज ज्याला सगळे मेकॅनिक सीव्ही जॉइंट म्हणतात, तो. त्यातल्या गोळ्या आणि खाचा यांमुळे चाक कितीही वळलं तरी फिरण्याचा वेग एकसारखा राहतो.

चाकं मोठी घेतली तर ती आतली जागा खातात. म्हणून १० इंची चाकं. ज्यांच्या घरी बजाज चेतक होती त्यांना हे माप ओळखीचं असेल, चेतकचंही चाक १० इंचीच. डनलॉपकडून त्यासाठी खास टायर बनवून घ्यावे लागले. स्प्रिंगला जागा नाही, म्हणून मित्र अ‍ॅलेक्स मौल्टन याने बनवलेले रबराचे कोन. रिकाम्या गाडीत ते मऊ, भार वाढला की कडक. दाराच्या काचा वर-खाली होणाऱ्या नाहीत, सरकवायच्या. काच आत उतरवायची यंत्रणाच नसल्याने दाराच्या पोकळीत मोठा खण मिळाला. त्या खणाचं माप जिनच्या बाटल्यांवरून ठरलं अशी एक आख्यायिका आहे. इसिगोनिसला मार्टिनी फार प्रिय होती, त्यामुळे ती टिकून राहिली.

हे काम अर्थातच एकट्याचं नव्हतं. त्याच्या स्केचवरून नेमकी मापं, नकाशे आणि गणितं करणाऱ्यांत जॅक डॅनियल्स हा मायनरपासूनचा सोबती मुख्य होता. मार्च १९५७ मध्ये काम सुरू झालं. नमुन्याच्या गाड्या नारिंगी होत्या, त्यामुळे त्यांना संत्र्याची पेटी असं नाव पडलं. पुढच्या वर्षी लॉर्ड यांनी कारखान्याच्या आवारात पाचेक मिनिटं ती चालवली आणि उतरल्या उतरल्या उत्पादनाची परवानगी दिली. आधी बसवलेलं ९४८ सीसीचं इंजिन या हलक्या गाडीला फार पळवत होतं, म्हणून ते कमी करून ८४८ सीसीचं केलं. ताकद ३४ हॉर्सपॉवर.

आधी हसले, मग रांगा

२६ ऑगस्ट १९५९ ला गाडी जगासमोर आली. करासकट किंमत पाचशे पौंडांच्या आत. ज्या गिऱ्हाइकासाठी ती बनवली होती, त्या कामगार कुटुंबांनी सुरुवातीला तिच्याकडे पाठच फिरवली. एवढी स्वस्त, एवढी छोटी, पुढून चालणारी, बाहेरून खेळण्यासारखी दिसणारी. पैसे जमवून घेतलेली गाडी शेजाऱ्याला दाखवायची असते, आणि हिच्यात दाखवण्यासारखं काहीच नव्हतं.

शिवाय सुरुवातीच्या गाड्यांत खरोखरच घोळ होते. पावसात जमिनीच्या पत्र्याच्या जोडातून पाणी आत यायचं, पाय ओले व्हायचे. इंजिन फिरवून बसवल्यामुळे इग्निशनचा भाग पुढच्या जाळीकडे आला होता, त्यावर पाणी उडालं की गाडी बंद. या तक्रारी खोट्या नव्हत्या.

मिनीचा भाव वाढला तो वरच्या थरातून. राजघराण्यातल्या प्रिन्सेस मार्गारेटचे पती लॉर्ड स्नोडन हे इसिगोनिसचे मित्र, ते मिनीत फिरायला लागले. मग नटनट्या, मग बीटल्स. लंडनच्या गर्दीत कुठेही घुसणारी, कुठेही पार्क होणारी गाडी म्हणून ती तरुणांची झाली. खूप श्रीमंत आणि अगदी साधा माणूस एकाच गाडीत दिसायला लागले आणि ही गाडी कोणत्या वर्गाची हा प्रश्नच राहिला नाही. १९६५ पर्यंत दहा लाख मिनी बनून झाल्या होत्या.

तरी गाडीवेड्यांचा प्रश्न शिल्लक होता: बाजारात न्यायला ठीक, पण ही काय पळणार? उत्तर जॉन कूपर या रेसिंग कारवाल्याने दिलं. त्याच्या गाड्यांनी १९५९ आणि १९६० ची फॉर्म्युला वन विजेतेपदं मिळवली होती. त्याला मिनी वळणावर कशी चिकटून जाते ते लगेच कळलं. गंमत म्हणजे जास्त ताकदीची मिनी काढायला स्वतः इसिगोनिसच तयार नव्हता. साध्या माणसाची गाडी शर्यतीत कशाला? त्याचं हे मत कंपनीने ऐकलं नाही हे बरं झालं. १९६१ मध्ये मिनी कूपर आली.

१९६४ च्या माँटे कार्लो रॅलीत पॅडी हॉपकर्कने १०७१ सीसीची मिनी कूपर एस पहिली आणली. दुसरी आलेली फोर्ड फाल्कन होती, ४.७ लिटरच्या व्ही-एट इंजिनाची. त्या रॅलीत छोट्या इंजिनाला सूट देणारा नियम होता आणि त्याचा मिनीला फायदा झाला, हेही खरं. पण बर्फाच्या घाटात पुढच्या चाकांवर इंजिनाचं वजन असल्यामुळे मिळणारी पकड नियमाने दिलेली नव्हती. १९६५ च्या रॅलीत तर बर्फाने थैमान घातलं आणि टिमो मॅकिनेनची मिनी पुन्हा पहिली. १९६६ मध्ये पहिल्या तिन्ही जागा मिनीच्या, पण हेडलाइटच्या बल्बवरून तिघांनाही बाद केलं गेलं. १९६७ मध्ये राउनो आल्टोनेनने कप परत आणला.

फ्रंट व्हील ड्राइव्हवरचे आक्षेप यामुळे खोटे ठरले नाहीत. ताकद खूप वाढली की पुढची चाकं स्टिअरिंग हातातून ओढू लागतात, वेगात गाडी वळणाबाहेर जाऊ बघते. म्हणून आजही सुपरकार पुढच्या चाकांवर चालत नाहीत. पण हलकी गाडी, चारही चाकं अगदी कोपऱ्यांत आणि डावा पाय ब्रेकवर ठेवून गाडीचं शेपूट वळवणारे फिनिश ड्रायव्हर, एवढं जुळलं की हसणाऱ्यांना उत्तर मिळतं.

हट्ट अंगाशी येतो तेव्हा

इथे गोष्ट संपली असती तर छान झालं असतं. पण मिनीच्या यशाने इसिगोनिसचा स्वतःच्या मतांवरचा विश्वास गरजेपेक्षा जास्त वाढला. ग्राहकाला काय हवं हे ग्राहकाला कळत नाही, हे मत मायनर आणि मिनी या दोन्हींनी खरं ठरवलं होतं. मग ते प्रत्येक गाडीला लागू झालं. फार आरामशीर सीटवर ड्रायव्हर सुस्तावतो, म्हणून सीट ताठ. रेडिओने लक्ष विचलित होतं, म्हणून त्याच्या स्वतःच्या गाडीत तो नाही. स्टायलिंग म्हणजे चार वर्षांत शिळी होणारी गोष्ट, म्हणून त्यावर वेळ घालवायचा नाही.

मिनीनंतर १९६२ मध्ये आलेली ११००, इटलीच्या पिनिनफरिनाकडून रूप घेतलेली, ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं सगळ्यात जास्त खपली. पण १९६४ ची ऑस्टिन १८०० पाहा. आत प्रचंड जागा, बांधणी दणकट, १९६५ चा ‘युरोपियन कार ऑफ द इयर’ किताब. आणि बाहेरून इतकी बेढब की तिला खेकड्याचं टोपणनाव पडलं. बसणाऱ्याला स्टिअरिंग बसच्या चाकासारखं आडवं. अपेक्षेएवढी ती कधीच खपली नाही. १९६९ च्या ऑस्टिन मॅक्सीला पाच दारं, पाच गिअर, मागे पूर्ण उघडणारं दार. कल्पना काळाच्या पुढची. पण पैसे वाचवायला १८०० ची दारं तशीच लावली, त्यामुळे रूप बिघडलं, आणि सुरुवातीच्या गाड्यांचे गिअर पडता पडत नसत.

त्याच वर्षांत फोर्डने कॉर्टिना काढली. तंत्रात काही नवीन नाही. उभं इंजिन, मागची चाकं, तोच जुना दांडा. पण लोकांना काय हवंय आणि प्रत्येक पार्ट किती पैशांत पडतो याचा काटेकोर अभ्यास. गाडी खपली आणि नफाही झाला. फोर्डच्या माणसांनी एक मिनी विकत घेऊन स्क्रूस्क्रू सुटा केला आणि हिशोब मांडला, की बीएमसी प्रत्येक मिनीमागे सुमारे ३० पौंड तोट्यात आहे. बीएमसीने हा हिशोब मान्य केला नाही. पण लाखांनी खपणारी गाडी असूनही कंपनीच्या हाती फारसं उरत नव्हतं, हे लपण्यासारखं नव्हतं. किंमत ठरवणं हे इसिगोनिसचं काम नव्हतं. पण खर्चाचा विचार डिझाइनच्या टेबलावरच करावा लागतो, आणि त्या टेबलावर तो दुसऱ्या कुणाला फार बोलू देत नसे.

१९६८ मध्ये बीएमसी ब्रिटिश लेलँडमध्ये विलीन झाली आणि नव्या व्यवस्थापनाने त्याला बाजूला सारलं. १९६९ मध्ये राणीने ‘सर’ किताब दिला, त्याच सुमारास त्याच्याकडची सत्ता गेलेली होती. त्याचं शेवटचं मोठं काम म्हणजे नाइन-एक्स ही मिनीची वारसदार. मिनीपेक्षाही आखूड, तरी आत जास्त जागा, नवं हलकं इंजिन, कमी पार्ट, त्यामुळे बनवायलाही स्वस्त पडावी असा बेत. म्हणजे खर्चाचा धडा तो शिकला होता. ती गाडी नमुन्यापुढे गेली नाही. खूप वेळा ऐकायला हवं होतं तेव्हा त्याने ऐकलं नाही, आणि त्याचं ऐकायला हवं होतं तेव्हा ऐकणारं कुणी उरलं नव्हतं.

१९७१ मध्ये तो निवृत्त झाला. निरोपाची भेट म्हणून त्याने सगळ्यात मोठा मेकॅनो सेट मागून घेतला. पुढच्या वर्षी आई गेली. बर्मिंगहॅममधल्या घरात तो आणखी बरीच वर्षं कंपनीचा सल्लागार म्हणून काम करत राहिला, गिअरच नसलेल्या मिनीचे प्रयोग करत राहिला. २ ऑक्टोबर १९८८ ला तो गेला.

बॉनेट उघडून बघा

मूळ मिनी ऑक्टोबर २००० पर्यंत बनत होती, एकूण ५३ लाखांहून जास्त. १९९९ मध्ये शतकातली गाडी निवडण्यासाठी जगभरातल्या जाणकारांनी मतं दिली, तेव्हा फोर्ड मॉडेल टी पहिली आणि मिनी दुसरी आली. आज रस्त्यावर दिसते ती बीएमडब्ल्यूची मिनी. ती आणणाऱ्या काळात कंपनीचे प्रमुख राहिलेले बर्न्ड पिशेट्सरीडर हे इसिगोनिसचे नातेवाईक. नव्या मिनीचं रूप जुन्यावरून घेतलंय. दहा फुटांचा नियम मात्र तिने केव्हाच सोडला.

तो नियम दुसरीकडे जिवंत आहे. गिअरबॉक्स इंजिनाखाली ठेवायची त्याची युक्ती फार टिकली नाही. इटलीच्या फियातमध्ये दान्ते जाकोसा याने गिअरबॉक्स आडव्या इंजिनाच्या शेजारी बसवला, तो बनवायला आणि दुरुस्तीला सोपा, आणि जगाने तीच मांडणी उचलली. पण इंजिन आडवं, पुढची चाकं, कोपऱ्यांत चाकं आणि मधली जागा माणसांची, हा हिशोब मिनीने पटवून दिला. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ने तो आपल्याकडे घरोघरी नेला. अँबेसेडर-पद्मिनीतून उतरून जे ८०० मध्ये बसले त्यांना एवढ्याशा गाडीत पाय ठेवायला जागा कशी, याचं आश्चर्य वाटलं होतं.

२००६ पासून आपल्याकडे चार मीटरच्या आतल्या गाड्यांना करात सवलत मिळते. म्हणून कंपन्या आजही इंच न् इंच मोजतात आणि चार मीटरच्या आतल्या एसयूव्हीसुद्धा याच मांडणीवर बनवतात. कॉलेजच्या पार्किंगमधल्या जवळजवळ कुठल्याही हॅचबॅकचं बॉनेट उघडून बघा. इंजिन आडवं असेल. शेजारी उभा असलेला मित्र फ्रंट व्हील ड्राइव्हला नावं ठेवत असेल, तर तो घरून कशात बसून आला तेही विचारा.